एक दलाल सांगतो

५ जून

ती. वहिनी,

नमस्कार. पाया पडलो असतो, पण माझी कंबर धरली आहे आणि तुमचे पाय तिसऱ्या मजल्यावर आहेत. फोन करणार होतो. पण फोनवर मी ओरडतो, तुम्ही "कोण? कोण बोलतंय?" विचारता, आणि ऑफिसातली गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत बसतात. म्हणून हे पत्र.

काल जेवताना आमची ही म्हणाली, "ताईंनी ब्लॉग सुरू केलाय." मी म्हटलं, कशावर? म्हणाली, घरांवर. आपल्या भागात विकायला असलेल्या घरांवर. घास घशातच अडकला.

राग मानू नका, पण तुम्ही आणि घरांचा धंदा? तुम्हाला चटई क्षेत्र म्हणजे काय ते ठाऊक आहे का? घरात किती चटया मावतात ते नव्हे. आयुष्यात तुम्ही एकही घर विकलेलं नाही. एक घेतलंत, तेही मी शोधून दिलं. आठवतंय ना? आधी मी तुम्हाला आणि दादाला ते न्हाणीघराला खिडकी नसलेलं दाखवलं. मग ते दिवसा दिवा लावावा लागणारं. आणि मग हे तुमचं. तुम्ही उंबऱ्यावरूनच म्हणालात, "हेच घेऊ या." तेव्हा तुम्हाला कळलं नाही, आणि अजूनही कळलं नसेल म्हणून सांगतो: आधीची दोन मुद्दाम दाखवली होती. दोन वाईट घरं बघितली की तिसरं साधं घरही माणसाला राजवाडा वाटतं. आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी आलेल्या पोरालाही एवढं कळतं. तुम्ही त्याच घरात उभं आयुष्य काढलंत आणि तुम्हाला पत्ता नाही. आणि तुम्ही लोकांना शहाणं करणार!

आता कामाचं. मी बांधायला घेतलेली नवी इमारत पूर्ण होत आली आहे. तळमजल्यावर दोन खोल्यांचं एक घर तुमच्यासाठी बाजूला ठेवलं आहे. तुमचे गुडघे आता तीन जिने चढण्यासारखे राहिलेले नाहीत. तुमच्या जुन्या घराला माझ्याकडे गिऱ्हाईक तयार आहे. ते द्यायचं, हे घ्यायचं. सगळं मी बघतो, तुम्ही फक्त सही करायची. ऑगस्टच्या मध्यापर्यंत काय ते ठरवा.

आणि तो ब्लॉग बंद करा. आपल्या आडनावाला या भागात थोडी किंमत आहे.

तुमचा,
भाऊजी


१२ जून

भाऊजी,

आशीर्वाद. कंबरेला गरम पाण्याची पिशवी घ्या आणि ती ऑफिसातली गोल फिरणारी खुर्ची कुणाला तरी देऊन टाका. या वयात माणसाने एका दिशेला तोंड करून बसावं.

तुमचं पत्र तुमच्या एजन्सीच्या कागदावर आलं. वर छापलं आहे, 'आपले समाधान हेच आमचे घर'. हे वाक्य कुणी लिहिलं? आमच्या शाळेतल्या सिस्टरनी त्याखाली लाल रेघ ओढून विचारलं असतं, "मुली, समाधानात माणसं झोपतात कुठे?"

ब्लॉगचं असं झालं. वाचनालयात आमच्यासारख्या रिकाम्या लोकांसाठी संगणकाचा वर्ग निघाला. शिकवणाऱ्या बाईने सगळ्यांना विचारलं, "तुम्हाला कशातलं काय कळतं?" एका गृहस्थांनी शेअरबाजार सांगितला. एकीने विणकाम. माझी पाळी आली आणि मला काही सुचेना. मग म्हटलं, आमच्या भागातल्या गल्ल्या मला कळतात. कुठल्या घरात संध्याकाळचं ऊन येतं, कुठल्या जिन्यावर कसला वास येतो. मी पायी हिंडते ना. बाई म्हणाली, "हेच लिहा. भाग लहान घ्या आणि तुम्ही स्वतः बघितलं तेवढंच लिहा." म्हणून सुरू केला. नाव ठेवलं, 'आत येऊ का?'

सुरुवातीला फजिती झाली, लपवत नाही. पहिल्या लेखातलं घर आडवं पडलं होतं. फोटो उभा कसा करायचा ते मला येईना. वाचक एकच, तुमची बायको. तिने खाली लिहिलं, "ताई, मस्त!" मी तिला तिच्या आम्लपित्तावर सविस्तर उत्तर लिहिलं. ते सगळ्या जगाला वाचता येतं हे मला वर्गात गेल्यावर कळलं. तिने अजून माझ्याशी नीट बोलणं सुरू केलेलं नाही.

पण तुमच्या धंद्याबद्दल मात्र मला जे दिसलं ते दिसलं. जाहिरातीत 'प्रशस्त' लिहिलेल्या घरात कपाट उघडायचं तर आधी खोलीचं दार लावावं लागतं. 'निसर्गाच्या सान्निध्यात' म्हणजे खिडकीत कबुतरं. दाखवायला आलेला दलाल (तुम्हाला हा शब्द आवडत नाही, ठाऊक आहे) मला "आजी, आजी" करत होता आणि बोलत होता माझ्या डोक्यावरून, भिंतीशी. एक विचारायचं होतं. बाहेर गार होतं, तरी प्रत्येक खोलीत पंखा गरगरत होता. मी कारण विचारलं तर म्हणाला, "आपल्या स्वागतासाठी." हे काय असतं?

घराचं म्हणाल, तर गुडघे माझे आहेत आणि ते त्या जिन्याला ओळखतात. पण विचार करते. हे गेल्यापासून घर उगीचच मोठं झालं आहे.

वहिनी


२० जून

ती. वहिनी,

नमस्कार घ्या. तुमचा प्रश्न वाचून मी कपाळावर हात मारून घेतला.

पंखा स्वागतासाठी! अहो, बाहेर रहदारीचा रस्ता असेल. पंखा जोरात फिरला की त्याच्या आवाजात रस्त्याचा आवाज बुडतो. हे तुम्हाला उभ्याउभ्या कळायला हवं होतं. पंखा बंद करायचा, खिडकी उघडायची आणि गप्प उभं राहायचं. पण गप्प उभं राहणं हा तुमचा स्वभाव नाही.

बरं, आता लाज गेलीच आहे तर आणखी ऐका. भिंतीवर भलत्याच ठिकाणी, वाकून बघावं लागेल इतक्या खाली किंवा उगीच कोपऱ्यात कॅलेंडर टांगलेलं दिसलं, तर त्याच्या मागे ओल असते. नव्या रंगाचा वास एकाच खोलीत येत असेल तर बाकीच्या खोल्या बघू नका, तीच बघा. लादी लिंबाच्या वासाच्या पाण्याने पुसलेली असेल तर न्हाणीघरात जाऊन नाकाने श्वास घ्या, ड्रेनेज कळेल. आम्ही घर नेहमी सकाळी अकराला का दाखवतो? कारण तेव्हा पोरं शाळेत असतात, वरच्या मजल्यावरची धावपळ बंद असते आणि ऊन बरोबर आत येतं. संध्याकाळी सहाला जाऊन बघा म्हणजे घराचा खरा आवाज ऐकू येईल. आणि दलाल किल्ली शोधत तुम्हाला खाली ताटकळत ठेवतो ना, तेव्हा किल्ली त्याच्या खिशातच असते. दुसरं गिऱ्हाईक तेव्हाच वरून उतरताना तुम्हाला दिसावं, म्हणून तो खिसे चाचपतो. लोक घराला भुलत नाहीत, वहिनी. दुसऱ्याला हवं असलेल्या घराला भुलतात.

हे सगळं मला तोंडपाठ आहे आणि तुम्ही आडवे फोटो लावून लोकांना अक्कल शिकवायला निघालात. माझी एक विनंती आहे, निदान आडनाव तरी त्यावर घालू नका.

घराचं काय ठरलं? मागच्या बाजूला शांत आहे. झाडं आहेत.

तुमचा,
भाऊजी


४ जुलै

भाऊजी,

आशीर्वाद, आणि आभार. तुमच्या रागाने माझं फार भलं केलं.

ब्लॉग चालू लागला आहे. मी त्यात एक नवं सदर सुरू केलं, 'एक दलाल सांगतो'. धंद्यात मुरलेला एक माणूस त्यात लिहितो. अतिशय उर्मट आहे. वाचकांना 'तुम्हाला अक्कल नाही' असं तोंडावर सांगतो, आणि लोकांना तेच फार आवडतंय. आमच्या वर्गातल्या शेअरबाजारवाल्या गृहस्थांनी तर ते छापून घराच्या दाराला आतून चिकटवलं आहे. त्या माणसाचं नाव मी देत नाही. त्याने तशी अट घातलेली नाही, पण मला ते बरं वाटतं.

वर्गातली बाई म्हणाली, "तुमच्या ब्लॉगमध्ये आता दोन आवाज आहेत, एक मऊ आणि एक खडबडीत. असं दहा वर्षं लिहिणाऱ्यांनाही जमत नाही." मी म्हटलं, खडबडीत आवाज मला पोस्टाने फुकट येतो. तिला वाटलं मी विनोद केला.

आता मी घर बघायला संध्याकाळी सहाला जाते. गेल्या आठवड्यात एका घरात पंखा बंद केला आणि उभी राहिले. दलाल म्हणाला, "आजी, काय झालं? चक्कर येतेय का?" मी म्हटलं, "नाही हो, तुमचा रस्ता ऐकतेय." त्याचा चेहरा बघायला हवा होतात. प्रत्येक लेखाच्या शेवटी मी लिहिते, हे घर कुठल्या माणसांनी घेऊ नये. कुणी घ्यावं ते तुम्ही लोक सांगताच.

बदलीच्या गावांत भाड्याच्या घरात असताना हे मला म्हणायचे, "तू घर बघत नाहीस, घराची नाडी बघतेस." तेव्हा हसायचे. आता रिकाम्या खोलीत उभी राहिले की ते शेजारी उभे आहेत असं वाटतं, छत्री हातात धरून, "चल आता" म्हणत.

तुम्हाला आणखी काही सुचलं तर लिहा. माझ्या अडाणीपणाचा राग आला की तुम्हाला बरंच सुचतं.

वहिनी


१८ जुलै

ती. वहिनी,

नमस्कार. मनःस्थिती ठीक नाही, म्हणून बाकीचं काही विचारत नाही.

धंद्यात कुणीतरी फितूर झाला आहे. काल बँकेत काम करणारी एक बाई घर बघायला आली. आत पाय टाकला आणि पहिलं काम काय केलं? पंखा बंद. मग सरळ कोपऱ्यात गेली आणि कॅलेंडर उचललं. मग न्हाणीघरात जाऊन, शप्पथ सांगतो, डोळे मिटून श्वास घेत उभी राहिली. बाहेर येऊन मला म्हणते, "हे तुमचं पहिलं वाईट घर ना? दुसरं वाईट राहू द्या, थेट तिसरं दाखवा."

परवा एका नवरा-बायकोला खाली थांबवलं होतं. मी किल्ली शोधतोय. नवऱ्याने माझ्या खिशाकडे बोट दाखवून विचारलं, "काका, डाव्या की उजव्या?" आणि दोघं फिदीफिदी हसली. इतक्या वर्षांत माझ्या तोंडावर कुणी हसलं नव्हतं.

हे सगळं कुठून येतंय ते चौकशी केल्यावर कळलं. तुमच्याच त्या ब्लॉगमध्ये कुणी दलाल लिहितो म्हणे. मी असलं काही वाचत नाही, वाचणारही नाही. पण मला तो माणूस हवा आहे. माझा संशय टकलूवर आहे. तो बाजारपेठेतला, माझ्याकडून गिऱ्हाइकं पळवणारा. पण टकलूला एवढं येत नाही. त्याला पंखा कशासाठी लावतात हेच मुळात ठाऊक नाही, तो उकडतं म्हणून लावतो. हा कुणीतरी जाणकार आहे. बेशरम आहे, स्वतःच्या ताटात माती कालवणारा आहे, पण बोलतो मात्र पक्कं. बँकेतल्या बाईने त्याचं एक वाक्य मला ऐकवलं, 'लोक घराला भुलत नाहीत, दुसऱ्याला हवं असलेल्या घराला भुलतात.' ऐकून वाटलं, हे आपण म्हणायला हवं होतं.

त्याचं नाव मला कळवा. घरच्या माणसाचं एवढं काम करा.

तुमच्या घराचं गिऱ्हाईक घाई करतंय. होय की नाही ते सांगा.

तुमचा,
भाऊजी


२५ जुलै

भाऊजी,

आशीर्वाद. त्या माणसाचं नाव मी सांगणार नाही. त्याला मी तरुण असल्यापासून ओळखते. डोकं तापट, बोलणं बेताल, आणि आपण काय बोलून गेलो ते त्याला दुसऱ्या दिवशी आठवत नाही. पण मनात कपट नाही. टकलूला उगाच शिव्या देऊ नका, बिचारा खरंच उकडतं म्हणून पंखा लावत असेल.

घराचं ठरवलं आहे. माझी हरकत नाही, विकून टाका.

विचार करायला वेळ घेतला, कारण लग्न होऊन आले तेव्हापासून मला स्वतःचं म्हणून हे एकच दार मिळालं. त्याआधी शाळेच्या वसतिगृहातली खाट, मग बदल्यांची गावं. पण गेल्या आठवड्यात भाजीची पिशवी घेऊन दुसऱ्या मजल्यावर बसून राहिले. दम नव्हता लागला. वर जाऊन करायचं काय, हा प्रश्न होता. समोरच्या बाई मुलाकडे गेल्या, त्यांच्या दाराला कुलूप आहे. तुमच्या इमारतीत निदान येणारी-जाणारी माणसं दिसतील. जाऊबाई कधीमधी डोकावतील, आम्लपित्ताचा राग गेला असेल तर.

वर्गातली बाई मला म्हणाली, "घर बघून आलात का? संध्याकाळी सहाला? नळ सोडून?" मी म्हटलं, नाही, आणि जाणारही नाही. बाहेरच्यांची घरं मी नळ सोडून बघते. घरच्या माणसाने दिलेलं घर नळ सोडून बघत नाहीत. तो त्याचा अपमान होईल. पहिलं घर तुम्ही दिलंत, ते या जन्मात पुरलं. दुसरंही तुम्हीच द्या.

कागद तयार झाले की कळवा. सही करते.

वहिनी


३० जुलै

ती. वहिनींस,

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र वाचून अतिशय आनंद झाला. निर्णय योग्य आहे. घर हवेशीर असून भरपूर उजेड आहे. परिसर शांत आहे. तुमच्या सोयीसाठी आतल्या खोलीत मागच्या भिंतीला पूर्ण उंचीचं नवं लाकडी कपाट माझ्यातर्फे भेट म्हणून लावून दिलं आहे. कागद तयार होत आहेत. सोळा ऑगस्टला सह्या करू.

कळावे,
भाऊजी


४ ऑगस्ट

भाऊजी,

आशीर्वाद. तुमची तब्येत बरी आहे ना? पत्रात एकही शिवी नव्हती. मला मूर्ख म्हटलं नाहीत, ब्लॉगला नावं ठेवली नाहीत, आणि 'सप्रेम' लिहिलंत. मी दोनदा पाकीट उलटून बघितलं, दुसऱ्या कुणाचं तर आलं नाही.

कपाटाचं वाचून डोळे भरून आले. ह्यांना नेहमी वाटायचं की तुमचा त्यांच्यावर जीव आहे, पण तो दिसत नाही. असते तर त्यांना दाखवलं असतं.

आवराआवर सुरू केली आहे. ह्यांचं लिहायचं टेबल वाचनालयाला दिलं. दोन खोल्यांत ते मावलं नसतं. चौघांनी मिळून खाली नेलं आणि प्रत्येक वळणावर ते अडलं. शेवटी पाय काढावे लागले. मी वरून बघत होते. वाईट वाटलं, पण वाईट वाटण्यासारखं काही झालेलं नाही असं स्वतःला समजावलं. त्यांचे कोट तुमच्या मापाचे नाहीत, ते कुणाला द्यायचे ते जाऊबाईंना विचारा.

ब्लॉगवर आता पुष्कळ लोक येतात. त्या दलालाबद्दल एकाने लिहिलं आहे, "हा माणूस उद्धट आहे, पण घर घेईन तर याच्याकडूनच. हा एकटाच खरं बोलतो." मी ते वाचून खूप वेळ हसत बसले. तुम्ही वाचत नाही, म्हणून तुम्हाला त्यातली गंमत कळणार नाही.

सोळाला येते. पेन माझं आणीन, तुमच्या ऑफिसातली चालत नाहीत.

वहिनी


१० ऑगस्ट

वहिनी,

आज नमस्कार नाही.

तुमचं पत्र वाचून झाल्यावर मी हिला म्हटलं, "दाखव गं तो ब्लॉग." हिने माझा चष्मा पुसून हातात दिला आणि आत निघून गेली. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

सगळं वाचलं. पहिल्या आडव्या घरापासून. तुम्ही माझी वाक्यं जशीच्या तशी छापलीत. एखाद्याच्या घरात शिरून त्याचे कपडे रस्त्यावर वाळत घालावेत तसं! आणि वर मलाच विचारताय, आणखी सुचलं तर लिहा. आणि मी मूर्ख, टकलूला धरायला निघालो होतो. टकलूच्या दुकानासमोर जाऊन परवा त्याला काय काय बोललो ते आता आठवलं की अंगाला घाम फुटतो.

आणि छापलंत ते छापलंत, निदान नीट तरी छापायचं. ड्रेनेजचा भाग तुम्ही अर्धा कापलात. का? तुमच्या सिस्टरना वास आला असता म्हणून? त्यातला उत्तम भाग तोच होता.

पण ते राहू द्या. खाली लोकांनी लिहिलेलं वाचलं. 'हा एकटाच खरं बोलतो.' हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. कारण ज्या दिवशी तुम्ही ते मला कळवलंत, त्याच्या आधीच्याच पत्रात मी तुम्हाला 'हवेशीर' लिहिलं होतं.

वहिनी, ते घर घेऊ नका.

मागच्या भिंतीला लागून इमारतीची पाण्याची टाकी आहे. भिंत पाणी पिते. तीन वेळा रंग दिला, तीनदा सुटला. म्हणून कपाट. पूर्ण उंचीचं. तुम्ही माझ्याकडून कॅलेंडर उचलायला शिकलात आणि कपाट बघून डोळ्यांत पाणी आणलंत. खिडकीखाली पंप आहे, पहाटे सुरू होतो. झाडं आहेत असं लिहिलं ते खरं आहे, पण ती पलीकडच्या प्लॉटवर आहेत आणि तो प्लॉट विकला गेला आहे.

एक गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नव्हती. नव्या इमारतीत पहिलं बिऱ्हाड घरचं घालायचं असतं. रिकाम्या इमारतीत कुणी शिरत नाही. एका खिडकीत दिवा दिसला, गॅलरीत लुगडी वाळताना दिसली की लोकांना धीर येतो. शिवाय सांगता येतं, "फसवायचं असतं तर सख्खी वहिनी आणून ठेवली असती का?" त्यासाठी तुम्ही हव्या होतात. तुमचे गुडघे नुसतं निमित्त होतं.

आणि तुम्ही काय लिहिता? 'घरच्या माणसाने दिलेलं घर नळ सोडून बघत नाहीत.' एवढी शिकली-सवरलेली बाई, गावाच्या दलालांचा घाम काढणारी, आणि दिराच्या एका ओळीवर दादाचं टेबल जिन्यावरून खाली पाठवते! असल्या बाईने घरांवर लिहू नये. मेजावर पेन आपटावंसं वाटतं. घरच्या माणसाचं घर सगळ्यात आधी नळ सोडून बघायचं. बाहेरचा फसवतो तेव्हा त्याला निदान थोडी भीती असते.

सोळाला येऊ नका. गिऱ्हाइकाला मी कळवतो. हे पत्रही छापा, संपूर्ण, एक अक्षर न गाळता. इमारत विकली जायची तेव्हा जाईल.

भाऊजी


१७ ऑगस्ट

भाऊजी,

तुमचं पत्र वाचल्यावर मी संध्याकाळी तुमच्या इमारतीत जाऊन आले. बरोबर सहाला. तुमच्या पहारेकऱ्याने मला आत सोडलं, कारण मी म्हटलं, मी मालकांची सख्खी वहिनी.

कपाट उघडून मागच्या फळीला हात लावला. फळीसुद्धा ओली आहे. कपाटही बेकार घेतलंत. पंप चालू करायला सांगितला. खिडकीशी उभी राहिले आणि माझ्या दातांत तो आवाज भरला. मग नळ सोडला. पाणी मात्र छान येतं, तेवढं मी लिहिलं आहे.

तुम्ही मला दिवा म्हणून खिडकीत लावणार होतात, आणि तेही मागच्या बाजूच्या घरात, जिथे रस्त्यावरून कुणाला काही दिसणार नाही. इतकी वर्षं धंदा करून तुम्हाला फसवताही धड येत नाही. म्हणे जाणकार!

त्या घरावर माझा लेख आज सकाळी लावला. माझ्या नावाने, फोटो उभा. शेवटी नेहमीप्रमाणे लिहिलं आहे, हे घर कुठल्या माणसांनी घेऊ नये. कुणीच घेऊ नये, असं लिहिलं. एजन्सीचं नावही घातलं आहे. राग येईल, येऊ द्या. पुढच्या बाजूची घरं मला चांगली वाटली, तेही लिहिलं, खालच्या परिच्छेदात. बँकेतल्या बाईने लगेच विचारलं आहे, त्यांतलं तिसरं कुठलं.

मी इथेच आहे. टेबल वाचनालयातून परत मागायला लाज वाटली, म्हणून रोज दुपारी तिथेच जाऊन त्याच्याशी बसून लिहिते. समोरच्या कुलपाला मी आता ओळख दाखवते, ते काही बोलत नाही. गुडघे दुखतात. तरी तुमची कंबर सुटली की जाऊबाईंना घेऊन वर या. दुसऱ्या मजल्यावर बसायला मी एक खुर्ची ठेवली आहे.

आता तुमच्या पत्राबद्दल. आधीची मी छापली, आणि त्याची मला लाज नाही. त्यांत तुम्ही माझ्या आडून सगळ्या गिऱ्हाइकांना शिव्या देत होतात, ती त्यांचीच होती. दहा तारखेचं मात्र छापलं नाही, आणि तुम्ही कितीही आरडाओरडा केलात तरी छापणार नाही.

ते मला आलेलं आहे.

वहिनी